फाटकाची कडी

प्रिय आसाराम,

माझा फोन तू उचलत नाहीस, ते बरोबरच आहे. म्हणून ही चिठ्ठी केडगावला निघालेल्या मच्छिंद्रच्या टेम्पोत देतोय. लेकीकडे तुझी तब्येत बरी असेल. इकडे तिसगावात चाललंय म्हणायचं. अकरा वर्षं आपण भागीत गाई सांभाळल्या. आता एकट्याने शेण काढताना कंबर मोडते. तुझी वहिनी बनुबाई हाताखाली येते, पण माझ्याशी बोलत नाही. भर उन्हात खड्डे खणून आपण दोघांनी मुक्त गोठ्याला जाळी ठोकली होती. हल्ली त्या जाळीकडे बघवत नाही.

आपली सोनी गाय गेली त्या दिवसाचं पुन्हा काढतो, वाईट वाटून घेऊ नकोस. पहाटे फाटक उघडं, गाई ज्वारीच्या कडवळात आणि सोनी बांधावर आडवी. पावसाने ओढ दिलेल्या कोवळ्या कडवळाचं किराळ लागतं, जनावराला विषबाधा होते, हे आपल्याकडे पोरंही जाणतात. डॉक्टर येईपर्यंत ती संपली होती. आदल्या संध्याकाळी फाटक तू लावलेलं. मी डेअरीवर, रांगेतल्या सगळ्यांसमोर, तुला बेपर्वा म्हणालो. वर म्हणालो, पिऊन आला असशील. तू एवढंच बोललास, ‘कडी म्या लावल्ती, राधाकिसना.’ आणि किटली तिथेच ठेवून निघून गेलास.

दिवाळीच्या आधी एका दुपारी मी लिंबाखाली टेकलो होतो. आपली चिमी गाय फाटकाशी आली, कडीखाली जीभ घातली, कडी वर उचलली आणि डोक्याने फाटक ढकलून पाटलिणीच्या तोऱ्यात बाहेर पडली. आधी हसू आलं, मग कळलं, त्या रात्रीही फाटक हिनंच उघडलं असणार. त्याला आता महिना झाला. कडीला तार गुंडाळली आणि गप्प बसलो. बनुबाई रोज विचारायची, ‘भावजींना कळवलं का न्हाई?’ मग तिने विचारणंच सोडलं.

तू परत कामाला यावंस म्हणून हे लिहीत नाही. तेवढं तोंड मला राहिलेलं नाही. कडीचा दोष चिमीवर टाकून मोकळा होईन, पण दारूचं काय? तू उभ्या जन्मात थेंब घेतला नाहीस, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ठाऊक असून बोललो, आणि गाव अजून ते खरं धरून चाललंय. सोमवारी सकाळी डेअरीवर, त्याच रांगेत, मी दोन्ही गोष्टी सांगणार आहे. तू ये आणि समोर उभा राहा. तू नसलास तर मी गाईचं सांगेन आणि दारूचं गिळून टाकीन. मी मला ओळखतो.

तुझाच म्हणवून घ्यायला लाजणारा,
राधाकृष्ण