कितव्या घोळक्यात?

प्रिय वैजनाथ,

प्रिय लिहिताना हात अडखळला, पण खोडलं नाही. मायच्या पोटचा आहेस, त्याला मी काय करू? तुझा फोन बंद आहे. चालू असता तरी केला नसता, कारण फोनवर तू रडायला लागतोस आणि मी पाघळते. लहानपणापासून हेच चालत आलंय. म्हणून हे पत्र मामांच्या हाती लातूरला पाठवून राहिले. मायला टाके किती पडले असं तू मामांना विचारलंस म्हणे. सात पडले. भुवईपासून कानापर्यंत सात. झालं समाधान?

इकडे तुझ्या पॅनेलची पोरं पारावर बसून सांगतात की वस्तीवाल्यांनीच दगड मारले. स्वतःच्याच घोळक्यावर! लाज तर वाटतच न्हाई, निदान खोटं तरी नीट बोला. तो गोंधळ केंद्रापर्यंत गेला आणि तिथलं मशीनही फुटलं, म्हणून येत्या रविवारी आपल्या वॉर्डाचं फेरमतदान आहे. आणि माळावरच्या वस्तीतला एकही माणूस मतदानाला निघायला तयार न्हाई. साठ मतं आहेत तिथं. तुला तेच हवं होतं ना?

मागच्या पंचायतीला काय झालं होतं ते तुला आठवत असेलच. वस्तीतली माणसं ओढ्यापाशी अडवली होती, त्यांच्यातल्या नरसिंगचा हात मोडला होता, आणि संध्याकाळपर्यंत एक मत पडलं नव्हतं. म्हणून यंदा आम्ही बचत गटाच्या बायकांनी ठरवलं की वस्तीतून दहा-दहा जणांचा घोळका निघेल, आणि प्रत्येक घोळक्यात तुमच्या पॅनेलच्या घरची एक बाई, रामलिंगच्या पॅनेलच्या घरची एक बाई चालेल. आपलीच माय, आपलीच चुलती मधे असल्यावर कोण दगड उचलणार? ही अक्कल माझी. अंगणवाडीत पोरांना जोडीजोडीनं चालवते ना मी, त्यावरून सुचलं. काय मिरवले मी तेव्हा! खंडोबाच्या देवळात तू आणि रामलिंग दोघांनी बेलभंडार उचलून शपथ घेतली की आपल्या माणसांकडून कुणाच्या अंगाला बोट लागणार न्हाई. भंडारा कपाळाला लावून तू माझ्याकडे बघून हसलास. मला वाटलं, माझा भाऊ शहाणा झाला.

मतदानाच्या आदल्या दुपारी तू माझ्या घरी जेवायला आलास. मायही होती. मी गरम भाकरी वाढून राहिले होते आणि तू मान वर न करता मायला विचारलंस, उद्या तू कितव्या घोळक्यात? ती म्हणाली, पहिल्या. तू हूं म्हणालास आणि ठेचा मागितलास. मला भरून आलं रे वैजनाथ. वाटलं, पोराला मायची काळजी आहे. मी तुला आणखी एक भाकरी वाढली. ती भाकरी आठवली की अजून माझ्या अंगाची आग होते.

पहिला घोळका ओढ्यावरून सुखरूप गेला. कुणी हूं की चूं केलं न्हाई. जाईल कसा न्हाई, तूच तसं सांगितलं होतंस. पण निघायच्या वेळी वस्तीतल्या म्हाताऱ्या चतुराबाईचा गुडघा धरला, आणि आपली माय म्हणाली, मी हिच्यासोबत मागून येते. तिनं आपल्या जागी तुझ्याच पॅनेलच्या मनिषाकाकूला पुढं पाठवलं. दगड पडले ते दुसऱ्या घोळक्यावर, आणि त्यात खरं तर मनिषाकाकू असायची होती. म्हणजे तुझी माय वाचली की बास, लोकांची काकू मेली तरी चाललं असतं! शपथ घेतोस ती पण अशी, स्वतःपुरती! मायच्या डोक्याला पदर फाडून कुणी बांधला माहीत आहे? रामलिंगच्या बायकोनं, उज्वलानं. तुझी पोरं तोवर उसात पळाली होती.

माय ठाण्यात सांगत होती की पाय घसरून पडले. मी तिच्यादेखत साहेबांना तुझं नाव सांगितलं, जेवताना काय विचारलंस तेही लिहून दिलं, आणि खाली सही केली. शिव्या द्यायच्या असतील तर दे. बहीण म्हणून मी तुझं पुष्कळ झाकलं, आता न्हाई झाकणार. उद्या आपल्या पायानं ठाण्यात हजर हो. मामा जामिनाला उभे राहतो म्हणतात.

पण हे सांगायला मी पत्र लिहिलं नसतं, तुला पोलिसांनीच आणलं असतं. काल मी पुन्हा वस्तीवर गेले होते. चतुराबाई म्हणाली, तुमच्या घरच्या बायका काय कामाच्या, ज्यानं दगड देऊन माणसं बसवली तो स्वतः आमच्यात चालणार असेल तर निघतो. हे मी घरी येऊन मायला सांगितलं, आणि ती म्हणाली, मग बोलाव त्याला. मी नको म्हणाले, भांडले तिच्याशी. ती ऐकेना. वैजनाथ, टाके तुला कळले, पण डोळ्याचं मामांनी तुला सांगितलेलं न्हाई. नांदेडच्या डॉक्टरांनी सोमवारी सांगितलं, मायचा डावा डोळा गेला. आता चालताना तिला डाव्या बाजूनं कुणीतरी धरावं लागतं. मी धरते म्हणाले, उज्वला धरते म्हणाली. तिनं तुझं नाव घेतलं. रविवारी सकाळी आठ वाजता वस्तीवर ये. माय दुसऱ्या घोळक्यात आहे. या वेळी तुला विचारायला लागू नये म्हणून मीच सांगून ठेवते.

तुझीच, काय करणार,
सिंधुआक्का