विमानाच्या भरवशावर

गुड्डू,

आम्ही बाबाले नदीवर नेऊन राहिलो. तू विमानानं सांजेपर्यंत येतो म्हणला, म्हणून कालपासून बर्फावर ठेवलं होतं. ते विमान महिन्याआधीच बंद झालं, हे तुले तिकीट काढतानी समजलं. मंग रेल्वेत बसला. विमान होतं तेव्हा तरी कितीदा आला? आपली धानाची बांधी ज्या धावपट्टीखाली गेली, तिथं आता ढोरं चरतात. अन् बाबा गावाले सांगत, पोरगा माझ्या अंगणात उतरंल.

आगीचं मडकं पोरानंच धरावं म्हणून लोक अडून बसले. मी उचललं.

तू नदीवर धावत येऊ नको. अंगणातल्या चुलीवर पाण्याचा पितळी गुंड ठेवला आहे. आमच्या सगळ्यायच्या आंघोळीचं पाणी तापव. शेजारचे तापवून देत होते, मीच नाही म्हटलं. बाबाचं तेवढंच काम तुह्यासाठी उरलं.

हर्षाताई