मावशी म्हणायचं ठरलं होतं

नाननिंग
रविवार, १४ सप्टेंबर

प्रिय बाबा,

मी बरी आहे, पोटभर जेवते आणि रस्ता दोन्हीकडे बघून ओलांडते. तुम्ही हेच विचारणार, म्हणून उत्तरं आधीच देऊन टाकली. तुमचा गुडघा कसा आहे? सीताफळं उतरवून झाली का? टोपली घेऊन स्वतः डोंगर चढू नका, सांगून ठेवते. शेजारच्या हुंग काकांची पोरं दिवसभर मोबाइल घेऊन लोळत असतात, त्यांना लावा कामाला.

कॉलेज इतकं मोठं आहे की पहिल्या दिवशी वर्ग शोधता शोधता मी मागच्या फाटकातून बाहेर रस्त्यावर आले. खोलीत माझ्याबरोबर लाओसची एक मुलगी आहे, बुआवन. ती घोरते, आणि सकाळी उठून मलाच म्हणते, "तुझ्या कूस बदलण्यामुळे मला झोप लागत नाही." सरांनी मला चिनी नाव दिलंय. त्या नावाने हाक मारली की वर्गातले सगळे माझ्याकडे बघतात, आणि मी मागे वळून बघते.

बरं, पुरे झालं हे.

काल संध्याकाळी फोनवर तुम्ही विचारलंत, "लागला का गं तो नंबर?" आणि मी "आवाज येत नाहीये बाबा" म्हणून फोन ठेवला. आवाज नीट येत होता. तुमच्यामागे कोंबडी ओरडत होती, तीसुद्धा ऐकू येत होती.

नंबर लागला. गावातल्या थुआन काकूंनी इथल्या बाजारातून आणला होता तो बरोबर आहे. आई याच शहरात आहे.

अकरा वर्षं तुम्ही गावात ज्याला त्याला सांगत आलात, तिला कुणीतरी अडकवून ठेवलंय, नाहीतर ती केव्हाच आली असती. ऊस तोडायला म्हणून सीमेपलीकडे गेली आणि परत आली नाही, त्याला दुसरं काय कारण असणार? मीही तेच मानत आले. हॅनोईचं कॉलेज सोडून मी नाननिंगची शिष्यवृत्ती का घेतली, ते तुम्हाला ठाऊक आहे. तिला सोडवून आणायला निघाले होते मी. काय पण शूर!

बुधवारी फोन केला. म्हटलं, "आई, मी थोआ." ती म्हणाली, "शनिवारी जेवायला ये. पण हे बघ, घरात मी सांगितलेलं असेल, माझ्या बहिणीची मुलगी येतेय. तू मला मावशी म्हण. म्हणशील ना?"

मी हो म्हटलं. काय करणार? मला तिला बघायचं होतं.

बाबा, उभ्याने वाचत असाल तर बसा.

तिने लग्न केलंय. नवऱ्याचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान आहे. घरात सासू आहे, आणि सहा वर्षांची एक मुलगी, लिंगलिंग. तिचं कपाळ थेट माझ्यासारखं आहे. मी आत गेले तशी "ताई, ताई" करत मला चिकटली ती सोडेचना. त्या घरात खरं नातं सांगणारी ती एकटीच होती, आणि तिला ते माहीतही नव्हतं. आई मासा साफ करत होती. तिने मान वर करून बघितलं आणि म्हणाली, "आलीस? हात धुऊन घे." बस, एवढंच. मला रडू आलं, म्हणून मी खरंच हात धुवायला गेले.

मग पानं वाढली. तुम्ही मला लहानपणापासून लावलेली सवय. घरात आपण दोघंच, तरी मोठ्यांना नात्याने हाक मारून "जेवा" म्हटल्याशिवाय घासाला हात लावू दिला नाहीत. तीच सवय नडली. मी चिनीत म्हटलं, "आजी, जेवा. काका, जेवा." मग तिच्याकडे वळले. वाटेत शंभर वेळा घोकलं होतं, मावशी, मावशी. पण तोंडातून आपल्या भाषेत निघालं, "आई, जेव."

तिच्या जेवायच्या काठ्या हवेतच थांबल्या. सासू हसून म्हणाली, "काय म्हणाली गं पोरगी?"

आईने माझ्याकडे बघितलं नाही. चिनीत म्हणाली, "म्हणतेय, मावशी, जेव. आमच्याकडे अशी रीत आहे."

मला चिनी कळतं, बाबा. तुम्हीच पैसे भरून शिकवलंत.

सासू म्हणाली, "किती गुणी पोर! आईने वळण छान लावलंय हिला." आणि आईने मान डोलावली. वळण तुम्ही लावलंत हो! मला ताट उलटं करावंसं वाटलं. मी खाली मान घालून जेवले. लिंगलिंगसाठी ती माशाचे काटे काढत होती. एक घास माझ्याही वाडग्यात टाकला, काटे काढलेला. तो मी खाल्ला.

नंतर ती तिच्या स्कूटरवरून मला मेट्रोपर्यंत सोडायला आली. मी तिच्या कमरेला धरून बसले होते. ते स्टेशन येऊच नये असं वाटत होतं. उतरल्यावर मी विचारलं, "आई, तुला कुणी धरून ठेवलंय का?"

ती म्हणाली, "नाही गं."

"बाबा अजून वाट बघतात तुझी."

ती रडली. खोटं नाही सांगत, खूप रडली. मग म्हणाली, "त्यांना सांग, नंबर चुकीचा निघाला. मी सापडलेच नाही म्हण. तेच बरं त्यांना." डोळे पुसले, "लिंगलिंगची अंघोळ राहिलीये" म्हणाली आणि गेली.

तिने सांगितलेलं मी आज सकाळी लिहून बघितलं. दोन ओळींत झालंही. पण मग तुम्ही आणखी अकरा वर्षं अंगणात बाक टाकून बसाल, आणि कुणी विचारलं की सांगाल, ती बिचारी अडकलीये. ती अडकलेली नाही, बाबा. इथून सकाळच्या बसमध्ये बसलं की दुपारी आपल्या दारात उतरता येतं. ते तिला माहीत आहे. किल्ली तिच्याच हातात होती. ती वाईट वागली नाही माझ्याशी, आणि ती सुखात आहे. हे शेवटचं वाक्य लिहायला मला सगळ्यात जड गेलं.

तिला यायचं नाहीये.

तुम्हाला राग आला तर माझ्यावर काढा. रडू आलं तर रडा, घरी बघायला कुणी नाही. नवीन वर्षाला, टेटच्या सुट्टीत मी येतेय. एकटी येतेय. दोघांपुरतीच तयारी करा.

तुमची, आता एकट्या तुमचीच,
थोआ