दहापैकी दोन

३ मे

चि. भिंगरीस अ. उ. आ.

तुझं पार्सल पोचलं. तीन खेळ, दोन्ही हातांत धरायचा तो बटणांचा ठोकळा आणि गुण लिहायचा कागद, सगळं नीट मिळालं. तारा जोडायला वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य आले होते. त्यांनी पंधरा मिनिटांत जोडलं आणि पाऊण तास स्वतःच खेळत बसले. शेवटी त्यांचा पेशंट बोलवायला आला, तोंडात कापूस धरून.

एकट्यादुकट्या माणसांनी घरी बसून केलेल्या खेळांना तुमची संस्था बक्षीस देते आणि यंदा ते सगळं तुझ्या हाती आहे, याचा मला अभिमान आहे. पण तीन परीक्षकांत एक जन्मात खेळ न खेळलेलं माणूस हवं आणि ते माणूस म्हणजे मावशी, ही तुझी अक्कल. ऑपरेशन थिएटरमध्ये तेहेतीस वर्षं सर्जनच्या हातात कात्री दिलेल्या बाईने आता घूस होऊन माती उकरायची. उकरली. घरचं माणूस घुसवलं अशी तुझ्या समितीत कुजबुज आहे म्हणतेस; तर माझे गुण कोणाचा मुलाहिजा न ठेवता दिले आहेत, हे त्यांना सांग.

घुशीचा खेळ बांधलाय छान. ओली माती, भुसभुशीत माती, मुरूम, प्रत्येकीचं वजन हाताला वेगळं लागतं. ज्याने केलाय त्याने कधीतरी स्वतः खणलेलं आहे. पण घूस मेली की मागून कोणीतरी खदखदा हसतं. थिएटरमध्ये नवशिक्या नर्सच्या हातून चिमटा पडला आणि कोणी हसलं, तर मी हसणाऱ्याला बाहेर काढत असे. सात गुण.

शेवटच्या बसच्या खेळातली चित्रं अशी, की काचेवरचं धुकं पुसायला हात पुढे होतो. मात्र चढेल तो उतारू ड्रायव्हरला आयुष्याचा अर्थ समजावतो. पुढे वळण आहे आणि मागे एक गृहस्थ आठवणी काढताहेत. चौथ्या थांब्यावर मला सगळ्यांना उतरवून द्यायचं होतं, तसं बटण नाही. सहा.

तिसरा ‘घर सांभाळा’. हा ज्याने केलाय त्याला माझ्यासमोर उभा कर. घराची मालकीण चिठ्ठी ठेवून जाते, की दोन दिवसांत येते, तोवर झाडांना पाणी घाला, घड्याळांना किल्ली द्या, माशांना खायला घाला आणि वरच्या बोळातलं शेवटचं दार उघडू नका. ठीक आहे. मी पाणी घातलं, सात घड्याळांना किल्ली दिली, मासे जगवले. दुसरा दिवस गेला, दहावा गेला, बाई यायचं नाव नाही. खेळातले एकेचाळीस दिवस, म्हणजे माझे अकरा तास, मी त्या घराची मोलकरीण होते. घरात चिटपाखरू नाही, काही घडत नाही, कोणी ‘बरं केलंस’ म्हणत नाही. नन्सच्या शाळेत आम्हाला शिक्षा म्हणून गुडघ्यांवर बसवत, पण निदान घंटा तरी होत असे. दहापैकी दोन, तेही कुंडीत पाणी मुरण्याच्या आवाजाला.

तुझी आई फोनवर म्हणत होती की मुलगी हवापाणी विचारते आणि ठेवून देते. मी म्हटलं, तुम्हा मायलेकींच्या मध्ये मी आणखी किती वर्षं उभी राहू. बघ जरा.

उभ्याउभ्या जेवण उरकू नकोस, आणि माझा तिखटपणा पोटात घालून आहे ती माया टिकव.

तुझी मावशी

९ मे

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं. घुशीपर्यंत हसत होते, मग थांबले. मावशी, तू ते दार उघडलंच नाहीस?

सगळा खेळ त्या दारामागे आहे. ‘उघडू नका’ असं लिहिलंय ते उघडावं म्हणूनच. वर्तमानपत्रात समीक्षा लिहिणाऱ्या परीक्षकबाईंनी ते तिसऱ्या मिनिटाला उघडलं. प्राध्यापकांनी आधी दार उघडलं आणि मग चिठ्ठी वाचली. दोघांनीही नऊ दिले. खेळात प्रत्येकाची नोंद राहते, तुझी मी काढून पाहिली. एकेचाळीस दिवसांत घड्याळाची किल्ली एकदाही चुकलेली नाही, आणि दाराला एकदाही हात नाही.

आता अडचण अशी. हा खेळ एका बहीणभावाने तीन वर्षं खपून केलाय, आणि तुझ्या दोनामुळे तो घुशीच्या मागे पडतोय. शिवाय आमचा नियम आहे, की परीक्षकाने एखादा खेळ पुरता पाहिला नाही तर त्याचे सगळेच गुण बाद. ते उघड झालं की समिती मला धारेवर धरणार: घरचं माणूस आणलंस, आणि तेही असं. हे काम यंदा पहिल्यांदा माझ्याकडे आलंय. पुढच्या वर्षी राहणार नाही.

म्हणून सोबत गुणांचा कोरा कागद पाठवते आहे. तू दार उघडून पुढचं बघ, कागदावर आठ लिही आणि जुनीच तारीख घालून सही कर. पहिला मी फाडून टाकते. कोणाचंच नुकसान नाही आणि बहीणभावाला न्याय मिळेल.

आईला फोन केला होता. तिचे गुडघे, माझी सर्दी. त्यापुढे आम्हा दोघींना कधी काही सुचलंय?

रागावू नकोस, आणि रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी
भिंगरी

१४ मे

चि. भिंगरीस आशीर्वाद, आज तेवढेच.

तुझा कोरा कागद परत पाठवते आहे, कोराच.

आधी दाराचं. उघडू नका म्हटलं म्हणजे उघडायचं, हे तुम्हा लोकांना कोण शिकवतं? माझ्या थिएटरमध्ये कोणी ‘बघू या काय होतं’ म्हणून नको तिथे हात घातला असता, तर टेबलावरचं माणूस गेलं असतं. तुमचे प्राध्यापक आधी दार उघडतात आणि मग चिठ्ठी वाचतात. त्यांच्याकडून मी गळूसुद्धा कापून घेणार नाही.

तरी काल उघडलं. बटणावर बोट ठेवून दहा मिनिटं बसले होते. दंतवैद्यांनी पाहिलं, आता जिनाभर सांगत फिरतील. दारामागे तेच घर आहे, तीच सात घड्याळं, पण माणसांनी भरलेलं. लांबलचक टेबलाभोवती अकराजण, कठड्यावरून घसरणारी पोरं, आणि त्यांच्यात ती मालकीण आरामात बसलेली. मी अलीकडे एकेचाळीस दिवस रिकाम्या खोल्या राखत होते आणि पलीकडे हे सगळं चाललं होतं. चार तास खेळले. एकेकाची गोष्ट अशी हळूच उलगडते, की मला चहा गार झालेला कळला नाही. फार चांगला खेळ आहे, आणि त्याचाच मला जास्त राग आला. उणीव एकच, पण मोठी. सांगितलेलं ऐकणाऱ्यासाठी त्यांनी काही म्हणजे काही केलेलं नाही. असंही कोणी माणूस असेल, हे त्या बहीणभावाच्या मनातसुद्धा आलं नाही.

आता तुझ्या युक्तीचं. पोट शिवण्याआधी आम्ही बोळे मोजत असू. एकदा एक कमी भरला. सर्जनना घाई होती, म्हणाले, बरोबर आहेत म्हणून लिहा. मी लिहिलं नाही. त्यांनी भर थिएटरमध्ये माझा उद्धार केला, आणि मग बोळा त्यांच्याच हाताला पोटात लागला. नोंद चुकली तर आम्ही तिच्यावर एक रेघ ओढायचो, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी खरं लिहून वेळ घालून सही करायचो. फाडायचं नाही, खरवडायचं नाही, आणि जुनी तारीख घालण्याची तर कोणाची छाती नव्हती. तू माझ्या हाताखाली असतीस तर त्याच दिवशी तुला घरी पाठवली असती.

आणि बहीणभावाला पुढे करू नकोस. माझे गुण बाद झाले तरी तेच जिंकतात, बेरीज मलाही येते. तुला वाचवायची आहे ती तुझी खुर्ची.

मी समितीला पत्र टाकलं आहे. तिसऱ्या परीक्षकाने खेळ पुरता न पाहता दोन गुण दिले, नंतर पाहून आठ देते आहे, नियमाप्रमाणे बाद करायचे तर करा. तुझ्या कोऱ्या कागदाचं त्यात नाही. ते सांगायचं की गिळायचं, तुझं तू ठरव.

लोभ नसता तर दोन ओळींत आटोपलं असतं, एवढं लक्षात असू दे.

मावशी

२० मे

ती. मावशीस सा. न.

तुझं पत्र समितीत मोठ्याने वाचलं गेलं. अध्यक्षांनी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा मजा म्हणून. तुझे सगळे गुण बाद झाले आणि ‘घर सांभाळा’ जिंकला. कोऱ्या कागदाचं मी कोणी विचारायच्या आत सांगितलं. माझं काम काढून घेतलं आहे. टेबल जिन्याखालच्या खोलीत हलवलंय, तिथे मी पाकिटं चिकटवते. तुझी नोंद आता अगदी स्वच्छ आहे.

पण मलाही काही विचारायचंय. तो खेळ पहिल्यांदा खेळले तेव्हा मी ते दार उघडलं, टेबलाशी बसलेली ती माणसं पाहिली आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. का, ते तुला कळायला हवं.

मी आठ वर्षांची होते. आई संसर्गाच्या वॉर्डात होती. तू थिएटरचं काम संपवून तिच्याजवळ बसायचीस. शाळा सुटली की मी वॉर्डाच्या दारासमोरच्या बाकावर येऊन बसायचे, आणि तू बाहेर येऊन सांगायचीस, आई झोपली आहे, दाराला हात लावायचा नाही. अठरा दिवस. मी हात लावला नाही. तू म्हणतेस तसं सांगितलेलं ऐकणारं माणूस मीही होते.

आई घरी आली तेव्हा तिने मला जवळ घेतलं नाही आणि मीही गेले नाही. ते तसंच राहिलं. इतक्या दिवसांत तिने एकदाही आपल्याला बोलावलं नाही, हे मी मनात घेऊन बसले, ती अजून बसलेच आहे.

अठराही दिवस, नेमकी शाळा सुटायच्या वेळेला, ती झोपलेलीच असायची का? तू नोंदी ठेवणारी बाई आहेस. तुला आठवत असेल.

लोभाचं तुझ्या उत्तरावर.

भिंगरी

२६ मे

चि. भिंगरीस आशीर्वाद. ते घ्यावेसे वाटले तरच घे.

नाही. झोपलेली नसायची.

पहिले चार दिवस ती ग्लानीत होती. उरलेले चौदा दिवस ती दुपारपासून दाराकडे तोंड करून बसायची. तुझी शाळा कधी सुटते ते तिला पाठ होतं. ती रोज तुला मागायची. मी आधी म्हटलं, येईल. मग म्हटलं, पोर घाबरलंय, येत नाही म्हणतं. तेव्हा तू भिंतीपलीकडे बाकावर बसलेली होतीस, दप्तर मांडीवर घेऊन.

तुझं पत्र आल्यापासून मी नियमामागे उभं राहता येतं का ते बघते आहे. येत नाही. नियम मुलांना आत न सोडण्याचा होता. त्या दाराला काच होती, मोठ्या माणसाच्या उंचीवर. तुला उचलून काचेशी धरायला कोणाचीही मनाई नव्हती. मी धरलं नाही. आदल्याच आठवड्यात एका बाईने काचेतून आपलं पोर पाहिलं, हाताची सुई उपटली, दाराकडे धावली आणि पडून कपाळ फोडून घेतलं. माझी बहीण तसं करील म्हणून मी भ्याले, असं मी स्वतःला सांगत आले. ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं असं, की दिवसभर थिएटरमध्ये उभी राहून आल्यावर मला तुमची रडारड नको होती. एक आत गप्प, एक बाहेर गप्प. मी दोघींना शहाण्या म्हणत होते.

ती घरी आली तेव्हा सांगता आलं असतं. तू तिच्यापासून लांब उभी राहिलीस, तिला वाटलं पोर खरंच भितं, तिने मला विचारलं, आणि मी मान डोलावली. त्याला तीस वर्षं झाली. मुलीचं काय बिनसलंय, असं ती मला विचारते. आईचं काय बिनसलंय, असं तू विचारतेस. मी दोघींना सांगते, स्वभाव असतो एकेकाचा. आणि वर तुम्हाला ऐकवते की तुमच्या मध्ये किती दिवस उभी राहू. मध्ये मला कोणी उभं केलं नव्हतं.

एका कागदावरून मी तुला नाही नाही ते बोलले. कागदाचं मी बोलले ते खरंच आहे, त्यातला शब्दही मागे घेत नाही. पण ते बोलायला तोंड दुसऱ्या कोणाचं हवं होतं.

माफ कर असं लिहीत नाही. लिहिलं की तुला हो किंवा नाही म्हणावं लागतं, आणि मला ती सुटका नको आहे. हवं तितके दिवस रागाव. तुझा राग जागच्या जागी आहे.

हेच पत्र शब्द न बदलता उतरवून तुझ्या आईला पाठवलं आहे. तिचं टपाल लवकर पोचतं, तुझ्याआधी एक दिवस तरी तिच्या हाती पडेल. तेव्हा ती हे वाचून तुझ्याकडे यायला निघालीसुद्धा असेल. तिचे गुडघे दुखतात, तू जिना उतरून खाली जा. मग दोघी मिळून माझ्याकडे या. मी घरीच असते. काय बोलायचं ते बोला, मी मध्ये तोंड उघडणार नाही.

लोभ असावा असं या खेपेला मी लिहीत नाही. असावा की नसावा, ते दोघींनी ठरवून कळवा.

मावशी