आधी विचारायचं

१२ एप्रिल

चि. भाऊड्यास अ. आ.

तू शाळेच्या हॉलमध्ये सुखरूप पोचलास हे कळलं आणि जिवात जीव आला. पण कमाल आहे तुझी! डोंगरावरून वणवा उतरतोय, अख्खी गल्ली रिकामी झाली, आणि तू आपला वह्या शिवत बसलेला? शेजारच्या ड्रायव्हरकाकांनी आणलं म्हणून, नाहीतर काय झालं असतं? आणि गोळ्या घरीच राहिल्या म्हणे. माझ्या तोंडचं पाणी पळालंय. एकट्याचं बिऱ्हाड पुरे झालं आता. रविवारी गाडी घेऊन येते, कायमचा इकडे चल.

काळजीने अर्धी झालेली,
ताई

१४ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

रागावू नकोस. वास मला सकाळीच आला होता. पण जळका वास मला आजारपणामुळे एरवीही येतोच, कुठे काही जळत नसलं तरी. तूच नियम घालून दिलास ना, वास आला की पळायचं नाही, आधी कुणाला तरी विचारायचं? खिडकीतून हाका मारल्या, पण विचारायला कुणी उरलंच नव्हतं. म्हणून शहाण्यासारखा बसून राहिलो. मग काका मला शोधत आले, ते खोकतच. माझ्या आजाराने आजवर दुसऱ्या कुणाला खोकला आणलेला नाही, तेव्हा लगेच उठलो.

गोळ्यांवाचून मात्र हाल झाले. कानातली कुजबुज वाढली, भिंतीकडे तोंड करून बसलो. शेवटी इथल्या डॉक्टरीणबाईंना मीच गोळ्यांची नावं सांगितली. काल मिळाल्या.

आता गंमत ऐक. इथे सगळ्यांनाच उठल्यासुटल्या धुराचा वास येतो. काल एक मास्तरीणबाई भरल्या ताटावरून उठून दाराकडे धावल्या. मी म्हटलं, बाई, पळायचं नाही, आधी विचारायचं. शेजारच्यांना विचारलं, कुणालाच येत नव्हता. बाई खाली बसल्या, रडल्या आणि मग जेवल्या. तेव्हापासून जो तो मलाच विचारायला येतो. फार बरं वाटतं गं.

आपलं घर शाबूत आहे. रविवारी जरूर ये, पण न्यायला नको, पोचवायला ये.

तुझ्या मायेचा हक्कदार,
भाऊड्या

१६ एप्रिल

चि. भाऊड्यास अ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग पदर डोळ्यांना लावला. गोळ्यांची एक जादा डबी काकांकडे ठेवूया. आणि नियमाला पुरवणी जोड: विचारायला कुणी नसेल, तर आधी पळायचं, मग मला विचारायचं.

रविवारी येते. पोचवायला.

तुझीच,
ताई