नात्याचा रकाना

२१ नोव्हेंबर १९५५, सोमवार

शाळेतून परतले तर दारात डफडं वाजत होतं. तुळशीचं लग्न व्हायचंय अजून, मग ही वरात कुणाची म्हणत आले. वरात नव्हती, बेलीफ होता. चांद्याच्या कोर्टाचा कागद दाराला चिकटवून झालेला, खळ अजून ओली. कुर्की, म्हणजे घरावर जप्ती. मावशीच्या यजमानांनी, काकाजींनी, बांबूच्या ठेक्यापायी हे घर सावकाराकडे गहाण टाकलं होतं. ठेका बुडाला, आता घर जाणार. १९ डिसेंबरला ताबा. तोवर घरच्या माणसांनी खाली करायचं. मला हे आज कळलं. मावशीलाही आजच. काकाजी खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते.

बेलीफ घरातली माणसं लिहून घेत होता. टाक माझ्याकडे करून म्हणाला, "ह्या बाई कोन?"

मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली, "माही भाची व्हय. बहिनीची पोरगी."

त्यानं लिहिलं: कमला, भाची. खाली काकाजींची सही.

घर चाललंय आणि मला ते 'भाची' ऐकून बरं वाटलं. काय बाई आहे मी. नोटिशीत दोन शब्द अशुद्ध होते. लाल शाईची दौत उघडली आणि परत बंद केली.

२२ नोव्हें.

भाची मी नाही. मा.ला बहीणच नाही.

सहा वर्षांपूर्वी कन्याशाळेत नेमणूक झाली तेव्हा मूल गावात कुणी खोली देईना. एकटी, विधवा, त्यात नोकरी करणारी. तीन घरांत ओसरीवरूनच परत पाठवलं. चौथं घर हे. गिरजाबाई धान पाखडत होत्या. मला बघितलं, ट्रंक बघितली, म्हणाल्या, "राह्य. पन कोनी विचारलं तं माही भाची म्हन. नाई तं लोकं तुले बी सुखानं राहू देनार नाई आन् मले बी." त्या दिवसापासून मी गिरजाबाईची भाची. दर महिन्याला किराया हातात देते, ती कनवटीला लावते. पावतीची चिठ्ठी कधी मागितली नाही. मावशीकडे कुणी चिठ्ठी मागतं का?

खोटं बोलता बोलता सवय झाली. मग खरंच मावशी झाली. केव्हा, ते दोघींनाही सांगता येणार नाही.

काकाजी आज सकाळी आरमोरीला भावाकडे गेले. "जागा पाहून येतो."

२४ नोव्हें.

समोरच्या खोलीत हमीदभाईंचं शिलाईचं दुकान. तेही आमच्याच घरचे किरायदार, माझ्याही आधीपासूनचे. पोलक्याचं माप द्यायला गेले होते. ते निवांत मशीन चालवत होते.

"तुम्हाला काळजी नाही?"

"कायले? मालक बदलून राह्यला, आपून थोडीच बदलून राह्यलो. चिठ्ठ्या हायेत माह्याजवळ. उद्या सावकाराले किराया देऊ, बस. किरायदाराले असं उठवता येत नाई बाई." मग विचारलं, "बेलीफानं तुमचं का लिहिलं?"

"भाची."

त्यांचा पाय मशीनवरच थांबला. "हे तं गडबड झाली. भाची म्हंजे घरची. घरचे तं घर सोडून जातेत."

पोलक्याचं माप राहूनच गेलं.

२६ नोव्हें., शनि.

रजा टाकून छोट्या गाडीनं चांद्याला. डब्यात धानाची पोती, माणसं कमी. कोर्टाजवळ चिंचेखाली एक म्हातारा अर्जनवीस बसतो, हमीदभाईंनी नाव सांगून पाठवलं होतं. चष्म्याची एक काडी सुतळीची.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, तीन वाटा. एक, मुकाट्यानं खाली करा, मुदत वाढवून मागा, दहापंधरा दिवस मिळतील. दोन, सावकाराला भेटा, त्याच्याशी नवा करार करा. पण तो एकट्या बाईशी करेल का, ते तुम्हीच बघा. तीन, घरभाड्याचं बघणाऱ्या सरकारी साहेबाकडे अर्ज करा की मी जुनी किरायदार आहे, कुर्कीआधीपासूनची. सिद्ध झालं तर सावकार उठवू शकत नाही.

तिसरी, मी म्हटलं. दुसरीकडं कुठं जागा आहे मला? नागपूरला भाऊ आहे, त्याचं शेवटचं कार्ड दोन वर्षांपूर्वीचं. या गावात मला दोन खोल्या आहेत, बाकी काही नाही.

त्यानं अर्ज लिहिला. एक ओळ माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतली. 'घरमालक अथवा त्यांचे पत्नीशी अर्जदाराचे कोणतेही नाते नाही.' अक्षर सुरेख होतं.

"साक्ष?"

"हमीदभाई."

"किरायदाराची साक्ष किरायदार देईल, साहेब ऐकायचा नाही. जिनं भाची म्हटलं, तिनंच नाही म्हणायला पाहिजे."

१२ डिसेंबरला साहेबांचा मुक्काम मुलात आहे. तेव्हा चौकशी.

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. बाहेर काय होतं ते आठवत नाही.

२८ नोव्हें.

सांगितलं नाही. मा.नं वांग्याचं भरीत केलं, मला जास्त वाढलं. आरमोरीहून काही खबर नाही.

३० नोव्हें.

आजही नाही. वर्गात पोरींना रकाने आखायला शिकवलं. शेवटी एकीवर उगाच ओरडले.

१ डिसें.

सांगितलं. ती सूप घेऊन बसली होती. सूप थांबलं नाही.

"म्हंजे मी सांगाचं का तू माही कोनी नाई?"

"हो."

"मंग तुह्या खोल्या राह्यतेत?"

"राहतील असं म्हणतात."

"मंग सांगीन ना. त्यात का हाय येवढं." कोंडा फुंकला. "तोंड काऊन पाडून राह्यली? मी का मरून राह्यली?"

मी आत येऊन रडले. तिनं ऐकलं असणार, भिंत मातीचीच आहे.

२ डिसें.

सकाळी अंगणातून हाक आली. "बाई, पानी तापलं तुमचं."

कोणी आलंय वाटलं म्हणून बाहेर पाहिलं. कोणी नव्हतं. मा. मलाच म्हणत होती.

"हे काय?"

"सवय कराले लागते. सायबापुढी तोंडातून 'कमला' निघून गेलं तं?"

हसले मी. तीही हसली. मग म्हणाली, "हसू नका बाई, खरंच सांगून राह्यली."

५ डिसें.

तीन दिवस 'बाई' आणि 'तुमी' चाललंय. एकदाही चुकत नाही. शाळेत नाव काढलं असतं या बाईनं. सरावात एकही पोरगी इतकी पक्की नाही माझी.

आज माझ्या खोलीत मातीची चूल घालून दिली. "किरायदाराची चूल येगळी रायते. साहेब पाहाले आला तं?" स्वतःच्या हातानं सारवली. मी म्हटलं, मला दोघींचाच स्वयंपाक येतो, एकीचा येत नाही. तिनं सारवणाचा हात पुन्हा चुलीवर फिरवला.

भात करपला. पातेल्यातच जेवले. भिंतीपलीकडे तिच्या चुडीचा आवाज येत होता, तीही एकटीच जेवत होती.

नाटक आहे हे ठाऊक आहे मला. तरी लागतं.

८ डिसें.

काकाजींचं कार्ड. मा.ला वाचता येत नाही, मीच वाचून दाखवलं. भावानं ओसरीत खाट दिली आहे. वहिनी तापट आहे. तूर्त मी एकटाच बरा, तू काही दिवस तिकडेच काढ.

"इकडं म्हंजे कुठी?" मा. म्हणाली. "घर तं एकोनीसले जाते."

इतके दिवस मी माझ्या खोल्यांचाच घोर लावून बसले होते. ही कुठं जाईल हे मनात आलंच नव्हतं. लाज वाटली. मी म्हटलं, माझ्याकडे राहा.

"पाहू ना बाई." कार्ड घडी करून देवामागं ठेवलं.

१२ डिसें., सोमवार

चौकशी. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात साहेब, एक कारकून. सावकाराकडून मुनीम आला होता. हमीदभाई धुतलेली टोपी घालून.

मा. नऊवारी नेसून, डोक्यावर पदर. साहेबांनी विचारलं, "या तुमच्या कोण?"

"कोनी नाई."

"सहा वर्षं गावाला भाची सांगत होता."

"खोटं सांगत होती साहेब. एकट्या बाईले खोली देल्ली, लोकं बोलतीन म्हून. मले बहीनच नाई तं भाची कुठली? किरायदार व्हय ते. चूल बी येगळी हाय."

आवाज हलला नाही. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी मान खाली घालून फरशीच्या चिरा मोजल्या.

आणि मग मीच घाण केली. ती उतरायला लागली, व्हरांड्याची पायरी उंच, माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी, जपून."

मुनीम ताडकन म्हणाला, "साहेब, ऐकलं?"

साहेबांनी टाक वर धरला. हमीदभाई मागून म्हणाले, "साहेब, मी बी मावशीच म्हनतो. मी तं मुसलमान हावो."

कारकून हसला. साहेबांनी पुढं लिहिलं. म्हाताऱ्या बाईला मावशी म्हणणं हा काही पुरावा नव्हे, असं मुनीमाला म्हणाले.

घरी येईपर्यंत ती माझ्या दहा पावलं पुढं चालली. बाजाराच्या रस्त्यानं, सगळ्यांदेखत.

१६ डिसें.

हुकूम आला. दोन खोल्यांपुरती मी किरायदार, किराया पुढे सावकाराला द्यायचा. हमीदभाईंनी पेढे आणले. मा.नं एक घेतला, म्हणाली, "जिंकल्या बाई तुमी."

मी म्हटलं, आता तरी 'बाई' सोड.

"एकोनीस होऊन जाऊ द्या."

१९ डिसें., सोमवार

ताबा झाला. बेलीफ तोच. मधल्या खोल्यांना कुलूप लागलं. मा.चं सामान म्हणजे एक गाठोडं, सूप, देव. ती ओट्यावर बसून, जणू दुसऱ्याच कुणाचं घर खाली होतंय.

मी बेलीफाला सांगितलं, ह्या माझ्याकडे राहतील.

त्यानं माझ्या खोल्यांचा फॉर्म काढला. राहणाऱ्यांची नावं, पुढे रकाना: नाते. माणूस भला आहे, हळू आवाजात समजावलं. नातं नाही म्हणून लिहिलं तर परकं माणूस ठेवलं, म्हणजे पोटकिरायदार. मुनीम टपलेलाच आहे, खोल्या जातील. मावशी लिहिलं तर साहेबांपुढं दोघी खोटं बोललात, तरी जातील.

"मग?" मी विचारलं.

"मोलकरीन लिवा. मोलकरीन ठेवता येते. कोनी विचारत नाई."

हमीदभाईंनी मान हलवली. "बाई, लिहून टाका. कागदाचंच तं काम हाय."

मा. ओट्यावरून म्हणाली, "लिवा ना. मी नाई का भांडे घासत?"

बेलीफ म्हणाला, उद्या सकाळी बसच्या आधी येऊन घेऊन जातो.

ताबा घ्यायला आलेला मुनीम जाताना दारापाशी घुटमळला. मा.कडे बघत होता, हसत नव्हता, नुसता बघत होता.

दिवेलागण झाली. फॉर्म समोर आहे. नाव लिहिलं: गिरजाबाई. वय तिनं अंदाजानं सांगितलं. पुढच्या रकान्यापाशी तीनदा टाक बुडवला आणि तीनदा कोरडा होऊ दिला. वर्गात एक रकाना रिकामा सोडला तर पोरींचा अर्धा गुण कापते मी.

'मोलकरीण' लिहायला काही लागत नाही. शुद्धलेखनही सोपं आहे. लिहिलं की ती इथं राहील, मीही राहीन, आणि उद्यापासून अंगणात कुणीही आलं तरी तिनं उठून उभं राहायचं. ती उभी राहील, तेही मला माहीत आहे. सराव करील.

बेलीफ यायला रात्र मध्ये आहे.

ती माझ्या चुलीपाशी आहे. विचारलं नाही, सांगितलं नाही, आपली जाऊन बसली. दोघींचा भात टाकलाय, वासावरून कळतं. आत्ता आतून हाक आली, अठरा दिवसांनी, "कमला, ताट घे."

टाक अजून हातात आहे.