काच नीट पुसा

३ फेब्रुवारी २०२६, हसनाबाद

माफ कर, वही. सात महिने तुला उघडलं नाही. कारण आळस. दुसरं चांगलंसं शोधत होतो, सापडलं नाही.

काम तेच, घरी बसून. गुजरातेतल्या जुन्या तेलविहिरींत कार्बन डायऑक्साइड दाबायचा, म्हणजे खडकात अडकलेलं तेल सुटून वर येतं. किती दाबाला गॅस तेलात पुरता मिसळेल, ते माझ्या मॉडेलने सांगायचं. शेजारचे पुंजारामकाका रोज विचारतात, "इंजिनेर, लागलं का तेल?" गाव मला बोअरवाला समजतं. समजू दे.

लॅबच्या पाचपैकी चार आकड्यांना मॉडेल अगदी चिकटून बसतं. पाचवा मी "मोजणीतली चूक" म्हणून काढून टाकला होता. आज अंतिम अहवालात ते वाक्य पुन्हा लिहिताना हात अडला. का?

४ फेब्रुवारी

का, ते कळलं. तो आकडा कहकशाचा. आष्टीची पोरगी, जालन्याला शिकवत होतो तेव्हाची विद्यार्थिनी. बडोद्याच्या त्या लॅबला मीच शिफारस केली होती. चाचणीच्या भांड्याला काचेची खिडकी असते. जुलैत तिने त्या आकड्यापुढे शेरा लिहिला : "गॅस वाढवल्यावर खिडकीत काळे कण." माझं उत्तर : "काच नीट पुसा." तीन शब्द! काय रुबाब!

त्याखाली तिचं : "सर, तीनदा पुसली. फोटो जोडले आहेत."

फोटो मी उघडलेच नाहीत. रेंज नव्हती म्हणावं, तर त्याच दिवशी मोबाइलवर अख्खी मॅच पाहिली होती.

दैवशालाला सांगितलं. "मंग आता उघडा की! का त्याला बी मुहूर्त पाह्यजे?" बायको म्हणून बोलली, पण बराबर बोलली.

५ फेब्रुवारी

उघडले. कमी गॅसला काच लखलखीत. जास्त गॅसला काळे ठिपके — काचेवर नाहीत, आत, तेलात! गॅस मिसळला की तेलातला डांबरासारखा जड भाग सुटा होतो. हे मी स्वतः शिकवलंय. पण मॉडेलमध्ये ठेवले फक्त द्रव आणि वायू. घन काही असू शकतं, हे त्याला सांगितलंच नाही. मग त्याला दिसणार कसं?

दैवशाला : "तुमच्यावरच गेलंय."

गॅस सोडला तर हे डांबर खडकाची भोकं बुजवणार. सोमवारी सुरुवात आहे.

६ फेब्रुवारी

साहेबराव सरांना, म्हणजे कंपनीतल्या वरिष्ठांना, फोन. "मॉडेल बराबर बसलंय ना? मंग कशाला उकरून राह्यलास?"

म्हटलं, सर, बसलं नाही, मी बसवलं.

सर : "लिहून पाठव."

पहिल्या खर्ड्यात लिहिलं, "एका निरीक्षणाचा फेरविचार." भित्रा कुठला! खोडलं. लिहिलं : चूक माझी, कहकशाचा आकडा बरोबर.

७ फेब्रुवारी

सोमवारचं काम थांबवलं! सर म्हणाले, "वाचवलंस." मी नाही, कहकशाने, हे म्हणायचं राहून गेलं. राहून गेलं, की राहू दिलं?

९ फेब्रुवारी

कहकशाला सांगायला लॅबला फोन केला. ती तिथे नाही. ऑगस्टातच कामावरून काढली, घरी गेली. कारण विचारलं. तिथल्या बाईंनी तिला काढल्याचं पत्र वाचून दाखवलं. कारण म्हणून माझेच तीन शब्द, माझ्या नावासकट.

उद्या : पहिल्या बसने आष्टी.